नाव घातलेली गाडी

पांढुर्ण्याच्या बाजारओळीत नत्थूजी खवशांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकान काही फार मोठं नाही, पण एक गोष्ट तिथे हमखास मिळते. घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट घालून मिळतं, आणि तेही सुवाच्य. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा, ते घर्र करणारं छोटं मशीन हातात घ्यायचं आणि विचारायचं, "काय टाकू?" मामाकडून, आत्याकडून, शाळेच्या स्टाफकडून, सप्रेम भेट. तालुक्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत नत्थूजींचं अक्षर रोज घासलं जातं. यावर ते स्वतः खूश असतात, आणि माणसाने कशावर तरी खूश असायलाच हवं.

म्हणून जावयाला मोटारसायकल द्यायची ठरली तेव्हा त्यांच्या हातून जे झालं त्यात नवल नव्हतं. एकुलती एक मुलगी दिपाली. मुलगा लोधीखेड्याचा, गौतम, बोरगावच्या कारखान्यात पर्मनंट. मुलाच्या आईने बैठकीत सांगितलं होतं, "आमचं काही मागणं नाही. तुमच्या पोरीले जे द्याचं ते तुम्ही द्या." या वाक्याचा अर्थ ज्याला कळत नाही त्याने मुलीचं लग्न ठरवायला जाऊ नये. नत्थूजींना कळला. त्यांनी सौंसरच्या शोरूममधून काळीभोर गाडी घेतली. सौंसर अशासाठी की जावयाला लोधीखेड्याहून सर्व्हिसिंगला जवळ पडेल. गळ्यात हार घालून, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी धरून त्यांचा फोटो झाला. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगणात गाडीला हळदकुंकू लावून झाल्यावर, नत्थूजी दुकानातून मशीन घेऊन आले.

इंजिनच्या एका बाजूला ॲल्युमिनियमचं गोल झाकण असतं, पातेल्याच्या बुडाएवढं आणि तसंच चकचकीत. अशी जागा बिनानावाची सोडणं त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात सुबक अक्षर त्या झाकणावर काढलं. 'दिपाली व गौतम यांस आईबाबांकडून सप्रेम भेट.' पाहुण्यांनी वाकून वाकून वाचलं. गौतमही हसला. दिपालीने आपल्या नावावरून हळूच बोट फिरवलं.

गाडी मृगातच बिघडली. गौतम कामावरून येताना ती बोरगावच्या रस्त्यावर चालता चालता बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. मग पुन्हा बंद पडली. शोरूममध्ये नेली की मात्र ती तिथे इतकी गुणी व्हायची की बघत राहावं. सर्व्हिसचा मॅनेजर अतुल म्हणून होता, कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला कायम फोन. तो एक चक्कर मारून यायचा आणि चावी परत द्यायचा. "गाडी एकदम ओके आहे जी. कोई खराबी नाही. पेट्रोल कुठलं भरता?"

इकडे दिपालीचे फोन आखडत गेले. आधी ती आईशी, म्हणजे वंदनाबाईंशी, भाजीच्या फोडणीपासून शेजारणीच्या नथीपर्यंत सगळं बोलायची. आता "बरी आहो" आणि "ठेवते". एकदा मागून सासूचा आवाज आला, "सांग तुह्या बापाले, भंगार कोण्या दुकानातून आणलं म्हणून." तो आवाज नत्थूजींनी स्पीकरवर ऐकला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. गाडीने आपल्या मुलीचा संसार नासवला, ही गोष्ट त्या दिवशी त्यांच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. गाडी सुधारली की मुलीचं घर सुधारेल. दुसरा विचार त्यांनी केला नाही.

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी गाडी कायमची थंडावली. किक घट्ट, बटण दाबलं तर नुसती टिकटिक. गौतमने ती अंगणात स्टँडवर लावून ठेवली. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पाडव्याला पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची गोटमार झाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजींच्या दारात एक छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. मागे दोरीने आवळलेली मोटारसायकल होती. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी दिपाली बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. पाठोपाठ गौतम मित्राच्या गाडीवरून आला होता. तो घरात आलाच नाही.

"मामाजी," तो फाटकातूनच म्हणाला, "गाडी दुरुस्त झाली का दोघींलेबी संगच पाठवजा."

तो हसून म्हणाला, म्हणून नत्थूजीही हसले. सासरा माणूस जावयासमोर हसतो, त्याला इलाज नसतो. दिपाली टेम्पोतून उतरताना थोडी लंगडली. उजव्या पोटरीवर पट्टी होती, ओली झालेली.

"काय झालं वो पायाले?" वंदनाबाईंनी विचारलं.

दिपालीने आधी फाटकाकडे पाहिलं. गौतम तिथेच उभा होता. "सायलेन्सर लागलं," ती म्हणाली.

मोटारसायकलवर बसणाऱ्याच्या पोटरीला कधी ना कधी सायलेन्सर लागतंच. शिवाय गोटमारीनंतरचे दिवस होते. त्या आठवड्यात पांढुर्ण्यात कोणाच्या कपाळावर पट्टी असते, कोणाचा हात गळ्यात असतो. पायावरच्या पट्टीकडे कोण पाहतो? वंदनाबाईंनी मलम आणून दिलं. नत्थूजी तोवर टेम्पोवाल्याला सांगत होते की गाडी उतरवू नको, तशीच सौंसरला घे.

तिथून त्यांची खरी वणवण सुरू झाली.

शोरूममध्ये आत शिरलं की काचेच्या पलीकडे नव्या गाड्या, पेढ्यांचं ताट, थंडगार हवा. सर्व्हिसला जायचं तर मागच्या गल्लीतून, पत्र्याच्या शेडमध्ये. घ्यायला येतो तो पाहुणा, दुरुस्तीला येतो तो भिकारी, हे त्या इमारतीच्या रचनेतच बांधून टाकलेलं होतं. शेडमध्ये एक लोखंडी बाक होता आणि खिडकीपलीकडे चंचल नावाची मुलगी कॉम्प्युटरसमोर बसायची. ती वाईट नव्हती. पण तिला बोलायला दोनच वाक्यं दिली होती, एक "सरांशी बोलून घ्या" आणि दुसरं "सर बाहेर आहेत".

आठवडाभराने अतुलने इंजिन उघडलं. आतून सगळं घासून एकमेकांत अडकलं होतं.

"काकाजी, हे तर ओव्हरहीट आहे. तुमच्या जवायाने गाडी तापवली. गाडी तापलेली असतानाही दामटली. याच्यात वॉरंटी नाही बसत."

"कशी तापवली?" नत्थूजी म्हणाले. "मृगापासून आम्ही तुमच्या इथं आणून राहिलो, तुम्ही ओके, ओके म्हणून राहिले. आणि पोळ्याच्या आधीच्या सोमवारपासून तर गाडी बंदच हाये. त्या दिवसापासून इंजिन गरमच नाही झालं, साहेब. एक डाव बी नाही. मी कोणाचीबी शपथ घेतो."

हे वाक्य त्यांना पुढे इतक्या वेळा म्हणावं लागलं की झोपेतसुद्धा ते बरोबर म्हणाले असते. अतुलला म्हटलं, शोरूमच्या मालकाला म्हटलं, कंपनीच्या फोनवरच्या गोड आवाजाला हिंदीतून म्हटलं. सोमवारपासून इंजिन गरमच नाही झालं.

मग अतुलला ते झाकण दिसलं. इतके दिवस ग्रीस आणि चिखलाखाली होतं, त्याने फडक्याने पुसलं आणि मोठ्याने वाचलं. शेडमधले दोन मेकॅनिक हातातलं काम टाकून पाहायला आले.

"हे काय आहे?"

"नाव घातलं," नत्थूजी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती, ती त्यांची त्यांनाच नंतर टोचली.

"इंजिनवर? काकाजी, हे काय पातेलं आहे का? मशीन लावली याच्यावर? म्हणजे इंजिनशी छेडछाड झाली. आता तर वॉरंटी खतमच." अतुलच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद इतका उघड होता की त्याला लपवायचंही सुचलं नाही. त्याने फोन काढून झाकणाचे फोटो घेतले. सप्रेम भेट कंपनीच्या ऑफिसात, भोपाळला गेली.

नत्थूजी बसने परत आले. रस्ताभर ते स्वतःला शिव्या देत होते. दुकानात आले तर एक बाई कुकर घेऊन उभी, हँडल तुटलेलं. गॅरंटी आहे म्हणाली. नत्थूजींच्या तोंडून सवयीने निघालं, "हँडलले गॅरंटी नसते बाई, कंपनीचा नियम हाये." बाई कुकर घेऊन निमूट गेली. ती गेल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. तिला हाक मारावी असंही वाटलं, पण मारली नाही.

दिपाली घरात होती. असून नसल्यासारखी होती. सकाळी अंगण झाडायची, दुपारी आईजवळ बसून वाती वळायची. शेजारच्या बायका विचारत, "पोळ्याले आली का? किती दिवस हाये?" वंदनाबाई म्हणत, "गाडी दुरुस्तीले टाकली आहे ना, झाली का जाईन." असं उत्तर देता देता घरातले सगळेच ते खरं धरून चालले. मुलगी गाडीसाठी थांबली आहे. गाडी झाली की जाईल.

वंदनाबाईंना मात्र कुठेतरी काही सलत असावं. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीचा पाय पाहा ना जरा. अजून भरून नाही राहिला. अन् रातच्याले दचकून उठते."

"सासूचे बोलणे ऐकले असतीन, दुसरं काय," नत्थूजी म्हणाले. "गाडी होऊ दे. गाडी झाली का कोणाचं तोंड नाही राहणार बोलाले."

नवरात्र बसायच्या सुमारास एका संध्याकाळी नत्थूजी ओट्यावर बसले होते. दिपाली चहा घेऊन आली. कप ठेवून ती परत गेली नाही, तिथेच खाली बसली, पायरीवर. बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली.

"बाबा, मले तुमच्याशी बोलाचं हाये."

"बोल ना."

"तिथं ना बाबा... मले सांगाचं होतं का, ते—"

तेवढ्यात नत्थूजींचा फोन वाजला. नंबर भोपाळचा. इतक्या तक्रारींनंतर पहिल्यांदाच तिकडून फोन आला होता. त्यांनी हाताने तिला 'थांब' अशी खूण केली आणि उठून अंगणात गेले, घरात नेटवर्क नीट नसे. पलीकडून कंपनीचा इंजिनीअर बोलत होता. तो सौंसरला येणार होता, गाडी स्वतः पाहणार होता. नत्थूजींनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं, मृग, बोरगावचा रस्ता, पोळ्याच्या आधीचा सोमवार. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. ते तसेच घरात शिरले आणि वंदनाबाईंना बातमी सांगितली. पायरीवर कोणी बसलं होतं हे ते साफ विसरले. दिपालीने कप उचलला आणि विसळून ठेवला.

इंजिनीअर येणार त्या दिवशी नत्थूजी दुकान बंद ठेवून शेडमधल्या बाकावर जाऊन बसले. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही गेले. त्याच्या पुढच्याही दिवशी गेले. "काकाजी, उगीच बसता तुम्ही, आला की फोन करू," असं अतुल म्हणाला, पण एव्हाना नत्थूजींना एक गोष्ट कळून चुकली होती. या शेडमध्ये भांडणाऱ्याचं काम होत नाही, रडणाऱ्याचंही नाही. जो उठून जातो त्याचं काम गेलं. जो बसून राहतो त्याच्याकडे बघून बघून शेवटी यांनाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून ते बसले. डब्यातली भाकरी तिथेच खाल्ली, तिथेच पेंगले, आणि चंचलने तिचा पंखा थोडा त्यांच्याकडे वळवून दिला.

इंजिनीअर आला तेव्हा त्याने इंजिनमध्ये डोकं घालून दहा मिनिटं काहीतरी पाहिलं. तेल वर चढवणारा पंपच मुळात खराब निघाला होता, कारखान्यातूनच. अतुल लगेच म्हणाला की मलाही पहिल्यापासून तोच डाऊट होता.

"पण हे झाकण चालणार नाही," इंजिनीअर म्हणाला. "क्लेम पास करतो, पण हे बदलावं लागेल. याचे पैसे तुमचे. नाव असलेला पार्ट ठेवून मला सही करता येणार नाही."

"काढा ना साहेब," नत्थूजी घाईने म्हणाले. "नावाचं काय घेऊन बसले. काढून टाका."

दसऱ्याच्या आधी गाडी तयार झाली. नत्थूजींनी दिपालीला पिशवी भरायला सांगितली. सकाळच्या बसने दोघांनी सौंसरला जायचं, तिथून गाडी घ्यायची आणि तशीच लोधीखेड्याला जायचं, असा त्यांचा बेत होता. दसऱ्याला गाडीची पूजा जावयाच्या हातून होईल. ते इतके उत्साहात होते की वंदनाबाईंनी मुलीला निरोप देताना जरा जास्त वेळ मिठी मारली हे त्यांनी पाहिलं आणि "बस सुटन ना!" म्हणून ओरडले.

शोरूमवाल्यांनी या वेळी पुढच्या दाराने आत घेतलं. पेढा दिला. कंपनीकडून फोन येईल, दहापैकी दहा मार्क द्या, अशी गळ घातली. आणि मग अतुलला फोटोची हौस आली. पुन्हा तोच हार, पुन्हा तीच पुठ्ठ्याची चावी. "ताईलापण घ्या ना काकाजी. चंचल, ताईला हार दे." दिपाली गाडीच्या बाजूला उभी राहिली. चंचल फोन धरून "स्माईल, ताई, स्माईल" म्हणत होती. ताई हसल्या. फोटो चांगला आला. जुनं झाकण एका कागदात गुंडाळून अतुलने नत्थूजींच्या हातात दिलं, आठवण म्हणून.

गाडी लोण्यासारखी चालत होती. नत्थूजींनी जन्मभर मोपेड चालवली होती, तरी त्यांना हे पोरांचं वाहन एकदम आवडून गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटायला लागली होती. मागे दिपाली मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"बाबा, हळू चालवा," ती म्हणाली.

"अवं, कुठं जोरात हाये? पाहा कशी निंगते."

थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "हळू जाऊ ना, बाबा." या वेळी त्यांनी वेग कमी केला. तिला भीती वाटत असेल, मागे बसायची सवय तुटली, असं त्यांना वाटलं.

लोधीखेड्याला गौतम घरीच होता. त्याने किल्ली घेतली, बटण दाबलं, कान देऊन आवाज ऐकला आणि गल्लीतून एक लांब चक्कर मारून आला. उतरला तेव्हा खूश होता. त्याच्या आईने आतून कुंकू आणून गाडीच्या पुढच्या चाकाला लावलं. "आता खरी गाडी दिसून राहिली," ती म्हणाली. मग वाकून पाहत, "नाव कुठी गेलं जी?"

"ते कंपनीनं काढलं," नत्थूजी म्हणाले. "वॉरंटीत नाव चालत नाही."

"बरंच झालं. लोकं हासत होते."

दिपाली केव्हा आत गेली कोणाच्या लक्षात आलं नाही. तिची पिशवी तेवढी दाराशी भिंतीला टेकून राहिली होती. तू कशी आहेस, असं तिला कोणी विचारलं नाही. नत्थूजी पाणी प्यायले, जावयाशी मायलेजबद्दल बोलले आणि परतीची बस गाठायला निघाले. कित्येक महिन्यांनी छाती हलकी झाली होती. जिंकून चाललो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि ते जिंकलेही होते.

बस यायची होती. चहाच्या टपरीसमोर ते कागदातलं झाकण मांडीवर घेऊन बसले. शेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली, नवरा, बायको आणि मध्ये चिमुरडी पोरगी. पोरगी उतरायला लागली तशी बाई खेकसली, "इकडून नको, तिकडून उतर! सायलेन्सर तापलं हाये, पाय भाजन!"

नत्थूजींनी सहज तिकडे पाहिलं. पोरगी दुसऱ्या बाजूने उतरली. पोटरी भाजायची तर सायलेन्सर तापलेलं हवं. दिपाली टेम्पोतून उतरली तेव्हा तिची जखम ओली होती, पट्टीतून पाणी पाझरत होतं. दोन-तीन दिवसांची असेल, फार तर. म्हणजे पोळ्याच्या वेळची.

आणि मग त्यांचंच वाक्य, दर खिडकीत घोकलेलं, शपथेवर सांगितलेलं, त्यांच्या कानात त्यांच्याच आवाजात वाजलं. सोमवारपासून इंजिन गरमच नाही झालं, साहेब. एक डाव बी नाही.

ते ताडकन उभे राहिले. टपरीवाल्याने विचारलं, "काय झालं जी बाबाजी?" साऱ्या सौंसरला, भोपाळला, जगाला त्यांनी पटवून दिलं होतं की ती गाडी थंड होती. एकट्या त्यांनाच ते कळलं नव्हतं. आणि पोटरीवर ते कशाने भाजलं असेल, ते आता त्यांना विचार न करताही दिसायला लागलं. उलथनं, चिमटा, तवा. जन्मभर ते हेच विकत आले होते.

बस आली. ते बसमध्ये चढले नाहीत. ते आल्या वाटेने परत चालू लागले, आधी चालले आणि मग त्यांच्या वयाला शोभणार नाही असे पळाले.

दिपाली बाहेरच्या नळावर भांडी घासत होती. वडिलांना पाहून ती उभी राहिली. हातावर राख होती.

"पायाले काय झालं होतं तुह्या?" नत्थूजींनी धापा टाकत विचारलं.

तिने आत पाहिलं. मग वडिलांकडे. "सायलेन्सर लागलं होतं."

"गाडी बंद होती, पोरी."

नळ चालूच होता, तो तिने बंद केला. "हो," ती म्हणाली. "बंद होती."

"मंग मले सांगाचं नाही का?"

"सांगून राहिली होती ना, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोसलं असतं. "तुमचा फोन आला."

नत्थूजींनी तिचा हात धरला. राख त्यांच्याही हाताला लागली. "चाल घरी. आत्ताच चाल."

"आता कशी येऊ? लोकं काय म्हणतीन? गाडी तर दुरुस्त झाली." हे सगळं त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओसरीवर बोललं गेलेलं होतं, ती नुसतं परत देत होती. आतून सासूने हाक मारली. तिने हात सोडवून घेतला, घासलेली भांडी टोपलीत भरली आणि आत गेली.

नत्थूजी अंगणात उभे राहिले. ओरडावं असं त्यांना वाटलं. दार तोडून आत शिरावं, गौतमच्या कानाखाली वाजवावी, असंही वाटलं. पण तसं केलं तर हेच लोक चार शेजारी गोळा करून त्यांना वेडा ठरवतील आणि दार लावून घेतील. आत ती एकटी राहील. भांडणाऱ्याचं काम होत नाही, रडणाऱ्याचंही नाही. जो उठून जातो त्याचं काम गेलं.

ते दारासमोरच्या ओट्यावर बसले. शेजारी मोटारसायकल उभी होती, मघाच्या चकरेने अजून गरम. नवं झाकण कोरं होतं.

गौतम बाहेर आला. "मामाजी? बस नाही मिळाली का?"

"मिळाली होती."

"मंग? काही राहिलं का?"

"राहिलं," नत्थूजी म्हणाले.

गौतमला कळेना हसावं की काय करावं. त्याची आई दारात येऊन उभी राहिली. समोरच्या घरातली बाई सूप हातात घेऊन बाहेर आली आणि तिथेच थांबली. "घरात या ना, च्या घ्या," गौतमची आई त्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. नत्थूजी उठले नाहीत. शेवटची बस गावाबाहेरच्या वळणावर हॉर्न वाजवत निघून गेली, तीही त्यांनी ऐकली.

दिपालीची पिशवी अजून दाराशी तशीच होती, सकाळी बांधलेली, न उघडलेली. नत्थूजींनी हात लांब करून ती ओढून घेतली, मांडीवर ठेवली, आणि दाराकडे तोंड करून बसून राहिले.